जुन्या राऊटरची दुसरी खेळी

आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून महागडा राऊटर घेणे हा शुद्ध आळस आहे. विटांच्या दोन भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झची लहर दमतेच, मग राऊटरला शिंगे चार असोत की आठ! त्यापेक्षा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कॅट-५ई केबल आणा. ती १०० मीटरपर्यंत सेकंदाला १ गिगाबिट सहज वाहते. माळ्यावर पडलेल्या जुन्या राऊटरचा आयपी पत्ता बदलून, डीएचसीपी बंद करून, लॅन पोर्टात ती खोचली की काम झाले. जुन्याला सुरक्षा-अपडेट मिळत नाहीत, हा आक्षेप रास्त. पण बऱ्याच मॉडेलांवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर चढते, आणि चढत नसेल तर तो खुशाल भंगारात द्यावा. तीच गोष्ट जुन्या लॅपटॉपची. विजेचे म्हणाल, तर ३० वॅट खाणारा लॅपटॉप फाइल-सर्व्हर म्हणून अहोरात्र चालवला तरी महिन्याला जेमतेम २२ युनिट. शिवाय बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावरही तो चालू राहतो.