बायकांचीच शर्यत उन्हात का?

"बायकांची शर्यत पाचला घेऊ, म्हणजे अंधार पडायच्या आत सगळ्या घरी!" गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी पाच किलोमीटरची शर्यत ठरली, तेव्हा बैठकीत हे वाक्य आलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच होती. पुरुष मात्र साडेसहाला धावणार होते, उन्हं उतरल्यावर.

संध्याकाळची वेळ मुळात आम्हीच मागितली होती. अशा शर्यती नेहमी पहाटे असतात. पण आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही पहाटे. पाणी भरायचं सोडून धावायला कोण जाणार? संध्याकाळी तासभर तरी मोकळा मिळतो. तर मिळालेली संध्याकाळ ही अशी, पाच वाजताची.

मराठवाड्यात मे महिन्यात सूर्य मावळतो पावणेसात-सातला. म्हणजे पाचला ऊन चांगलंच असतं. पेपरात येतं ते तापमान सावलीतलं, झडपांच्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं. रस्त्यावर वरून ऊन आणि दिवसभर तापलेल्या डांबराची खालून धग. धावताना शरीर आतूनही तापतं. ती उष्णता बाहेर टाकायला मुख्य आधार घामाचा, आणि घामाला हवं पाणी. इथेच खरी गोम आहे, मैत्रिणींनो. मैदानावर बायकांसाठी संडास-बाथरूमची सोय नव्हती. मग आम्ही काय केलं? जे लग्नात, एसटीच्या प्रवासात करतो तेच. दुपारपासून पाणीच प्यायलो नाही! वरून जाड टी-शर्ट, आत पूर्ण बाह्या, खाली काळी लेगिंग, कुणी ओढणीही कमरेला घट्ट बांधलेली.

चौथ्या किलोमीटरला माझ्या पुढची कॉलेजातली मुलगी रस्ता सोडून तिरकी चालायला लागली. हाक मारली तर भलतंच काही बोलली. कुणी कांदा आणायला धावलं, कुणी तिच्या तोंडात पाणी ओतायला लागलं. नशीब, आमच्यात एक नर्सबाई धावत होत्या. त्यांनी तो ग्लास बाजूला केला, पिण्याच्या पाण्याचा अख्खा जार तिच्या अंगावर ओतला आणि रसवंतीवरचा बर्फ मागवून मानेला, काखेत लावला. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी अंग गार करायचं, वारा घालायचा आणि दवाखाना गाठायचा. उष्माघातात बडबड सुरू होणं, तोल जाणं ही धोक्याची खूण. मुलगी वाचली. पण गावात बोललं काय गेलं? "बायकांना झेपत नाही, पुढच्या वर्षी दोनच किलोमीटर ठेवा."

हे पहिल्यांदा घडत नाहीये. 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका 800 मीटर धावल्या, शेवटी दमलेल्या दिसल्या, आणि ती शर्यत त्यांच्यासाठी थेट 1960 पर्यंत बंद झाली. दमणं पुरुषांनाही होतं की! बायकांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन व्हायला 1984 उजाडलं. लॉस एंजेलिसच्या त्या उन्हात स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस झोकांड्या खात स्टेडियममध्ये आली. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून जास्त लागली, पण तिने ती पुरी केली. आपल्या माणदेशातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. झेपण्याचा प्रश्न कधीच मिटलाय.

अर्थात, वेळ बदलली की सगळं सुटलं असंही नाही. 2019 च्या जागतिक स्पर्धेत दोह्याला बायकांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली होती. तरी पारा 32 अंशांच्या वर आणि हवेत दमटपणा प्रचंड. 68 जणींपैकी 28 जणींना ती अर्ध्यात सोडावी लागली. दमट हवेत घाम नुसता निथळतो, सुकत नाही, म्हणून अंग गार होत नाही. कोकणातल्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं. तिथे सूर्य मावळला म्हणून निर्धास्त होता येत नाही. आणि कुठेही राहा, एकदम शर्यतीच्या दिवशीच उन्हात उतरू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, तीही थोडी थोडी करून.

यंदाच्या बैठकीला आम्ही सातजणी ठरवून गेलो. मागणी एकच, बायकाही साडेसहालाच धावणार, पुरुषांच्या बरोबर आणि पाचच किलोमीटर. "अंधाराचं काय?" विचारणा झाली. तर म्हटलं, अंधाराला दिवे लावता येतात, उन्हाला काय लावणार? रस्ता तासभर वाहनांना बंद ठेवा, बंद पडलेले खांब दुरुस्त करून घ्या, दर किलोमीटरला पाणी आणि दोन माणसं उभी करा. हे पुरुषांच्याही उपयोगाचंच आहे. बरीच घासाघीस झाली. एकजण म्हणाले, "वहिनी, घरच्यांची परवानगी आणाल ना?" त्यावर त्यांच्याच सौभाग्यवती मागून म्हणाल्या, "मी आणलीय!"

साडेसहा मान्य झालं. दिव्यांसाठी नगरपालिकेला अर्ज गेलाय. शर्यत सुरू होते तिथल्या कन्या शाळेच्या संडासाची किल्ली मात्र अजून मिळालेली नाही. सुट्टीत शिपाई गावाला गेलेत म्हणे. सोमवारी आम्ही दोघी मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी जाऊन येणार आहोत.