वेदान्ताशी संवाद झाला, धम्माचे काय?

श्रद्धेने स्वीकारलेले सत्य बुद्धीला पटेल अशा रीतीने मांडणे हे ईशज्ञानाचे काम आहे. त्यासाठी लागणारी विचारांची भाषा कॅथलिक ईशज्ञानाने नेहमीच तत्त्वज्ञानाकडून घेतली. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ती अ‍ॅरिस्टॉटलकडून घेतली आणि १८७९ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी अक्वायनसचा विचार चर्चच्या शिक्षणाचा पाया ठरवला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) ही चौकट रुंदावली. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे परिषदेने १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात सांगितले. त्याच वर्षीच्या ‘गाउदियुम एत स्पेस’मध्ये युद्ध, संपत्ती, कुटुंब, संस्कृती हे आधुनिक जगाचे प्रश्न ईशज्ञानाचे विषय झाले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या ‘फिदेस एत रात्सिओ’ या परिपत्रकात भारताचा खास उल्लेख केला आणि इथल्या तत्त्वचिंतनातील धन ख्रिस्ती विचारात आणण्याची जबाबदारी इथल्या ख्रिस्ती लोकांवर टाकली.

भारतात हा संवाद कोणाशी झाला आणि कोणाशी व्हायचा राहिला, हे भंडारा जिल्ह्यातून पाहिले तर स्पष्ट दिसते. कॅथलिक व्यवस्थेत हा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो. नागपूर धर्मप्रांत १८८७ मध्ये स्थापन झाला आणि १९५३ मध्ये तो महाधर्मप्रांत झाला. भंडाऱ्यात ख्रिस्ती लोक संख्येने फार थोडे आहेत. आपल्या मंडळीबाहेरच्या विचारांशी बोलल्याशिवाय अशा ठिकाणी ईशज्ञानाला बोलायलाच कोणी उरत नाही.

या संवादाचा एक धाडसी प्रयोग सव्वाशे वर्षांपूर्वी याच धर्मप्रांताच्या तत्कालीन हद्दीत झाला होता. बंगाली ब्राह्मण कुळात जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय १८९१ मध्ये ख्रिस्ती झाले. ‘सोफिया’ या आपल्या नियतकालिकातून त्यांनी अक्वायनस आणि वेदान्त यांची सांगड घातली. पवित्र त्रैक्याचे रहस्य त्यांनी सच्चिदानंद या कल्पनेतून मांडले. सृष्टीला स्वतःचे स्वतंत्र अस्तित्व नाही, ती सर्वस्वी ईश्वरावर अवलंबून आहे, हा अक्वायनसचा सिद्धान्त त्यांनी मायेच्या आधारे समजावला. १८९९ मध्ये त्यांनी जबलपूरजवळ नर्मदाकाठी कॅथलिक मठ सुरू केला. जबलपूर तेव्हा नागपूर धर्मप्रांतात होते आणि बिशप पेल्व्हा यांची आरंभी या कामाला अनुकूलता होती. पण पोपचे भारतातील प्रतिनिधी झालेस्की यांनी विरोध केला आणि मठ अल्पावधीत बंद पडला. उपाध्याय १९०७ मध्ये वारले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर भारतातील कॅथलिक आश्रमांनी आणि अभ्यासकांनी त्यांना आपले पूर्वसूरी मानले.

पुढचा टप्पा पुण्यात गाठला गेला. १८९३ मध्ये कँडी येथे स्थापन झालेली पोपची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्याला आली आणि भावी धर्मगुरूंना तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवणारे मोठे केंद्र तिथे उभे राहिले. बेल्जियममधून आलेले जेझुइट रिचर्ड द स्मेत (१९१६–१९९७) यांनी तिथे अनेक दशके अध्यापन केले. त्यांचा १९५३ चा रोम येथील प्रबंध शंकराचार्यांच्या पद्धतीवर होता. शंकराचार्य केवळ तर्काने चालणारे तत्त्वज्ञ नव्हते, श्रुतीचा अर्थ लावणारे ईशज्ञानी होते, असे द स्मेत यांचे म्हणणे होते. शब्दाचा वाच्यार्थ सोडून लक्षणेने ब्रह्माकडे निर्देश करण्याची शंकराचार्यांची रीत आणि मानवी शब्द ईश्वराला साधर्म्यानेच लागू पडतात हा अक्वायनसचा विचार, यांतील जवळीक त्यांनी दाखवली. निर्गुण ब्रह्म म्हणजे व्यक्तित्वहीन शक्ती नव्हे, हा त्यांचा मुद्दा वेदान्ताच्या अभ्यासकांनाही विचार करायला लावणारा ठरला.

या साऱ्या कामाची विद्वत्ता वादातीत आहे. मात्र चर्चने संवादासाठी निवडलेला भारत बहुतांशी संस्कृत ग्रंथांचा होता. या निवडीची मुळे जुनी आहेत. १६०६ मध्ये मदुरेला पोहोचलेले रॉबर्ट द नोबिली ब्राह्मण संन्याशासारखे राहिले, आणि जानवे व शेंडी ठेवण्यास १६२३ मध्ये पोपची मान्यता मिळाली. भाषा आणि पोशाख आपलेसे झाले, पण जातीची उतरंडही चर्चमध्ये टिकली. पुण्यातील जेझुइट विद्यार्थ्यांचे निवासस्थान नोबिलींच्याच नावाने ओळखले जाते.

भंडाऱ्यात आज जगले जाणारे तत्त्वज्ञान मात्र वेगळे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीला याच भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पराभूत झाले. दोन वर्षांनी शेजारच्या नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि या जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे त्यांच्यामागून बौद्ध झाली. त्याच जिल्ह्यात पवनीला १९६९–७० च्या उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष सापडले, तर २००६ मध्ये मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबाची हत्या झाली. ख्रिस्ती धर्माविषयी बाबासाहेबांनी लिहिलेले निबंध त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. धर्मांतरानंतरही जात का टिकली, हा त्यांतला रोकडा प्रश्न आहे. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा चर्चमधील जातिभेदाची अधिकृत कबुली त्यात होती. कबुली योग्यच आहे. पण बाबासाहेबांचा आक्षेप मुळात वैचारिक आहे: माणसाच्या प्रतिष्ठेसाठी ईश्वराची गरज आहे का? त्याचे उत्तर धोरणाच्या कागदातून मिळणार नाही, त्यासाठी ईशज्ञानच लागेल.

त्या दिशेने पाऊल टाकणारे एक नाव पुण्यातलेच आहे. जेझुइट बायबल-अभ्यासक जॉर्ज सोअरिस-प्रभू (१९२९–१९९५) यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना देतो ती आज्ञा आणि ‘महावग्ग’ या बौद्ध ग्रंथात बुद्ध भिक्खूंना बहुजनांच्या हितासुखासाठी चारिका करायला सांगतात तो उपदेश, यांचा तुलनात्मक अभ्यास केला. बुद्धवचनाच्या उजेडात ख्रिस्ती आज्ञा वाचली, की तिला चिकटलेला विजयाचा अभिनिवेश गळतो आणि ऐकणाऱ्याचे कल्याण केंद्रस्थानी येते, हे त्यांच्या मांडणीचे सार आहे. भंडाऱ्याच्या कोणत्याही विहारात समजेल असे हे ईशज्ञान आहे.

आधुनिक जीवनाशी संवादही असाच भंडाऱ्यातून सुरू करता येतो. निसर्गाची हानी आणि गरिबांची हानी हा एकच प्रश्न आहे, अशी मांडणी पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये केली. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. पाणी अडले, गावे उठली, आणि नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे त्याच जलाशयात येत राहिले. दुसरीकडे कोहळी समाजाने बांधलेल्या मालगुजारी तलावांनी याच जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवला. सामायिक हित या कॅथलिक सामाजिक विचारातील मध्यवर्ती कल्पनेला भंडाऱ्यात यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही. मराठीतून असे बोलता येते, हे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईत दाखवून दिले. ‘सुबोध बायबल’ लिहिणाऱ्या या धर्मगुरूने वसईची हिरवाई वाचवण्याच्या लढ्यातही पुढाकार घेतला.

नागपूरची सेमिनरी हिल्स ज्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे ओळखली जाते, तिथून भंडारा फार लांब नाही. विदर्भात काम करणाऱ्या धर्मगुरूच्या शिक्षणात अक्वायनस आणि शंकराचार्य यांच्या बरोबरीने बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’, महानुभाव पंथाच्या चक्रधरांचा परमेश्वरविचार आणि तुकडोजी महाराजांची ग्रामगीता यांना पूर्ण विषयाचे स्थान असायला हवे. चक्रधरांचे शिष्य नीळभट भांडारेकर यांचा जिल्हा त्या अभ्यासाला परका नाही. संवादाला आलेल्यांनी प्रश्नही ऐकावेत, आणि त्यातला पहिला प्रश्न बाबासाहेबांचा असावा.