शेतकरी म्हणजे सातबारा का?

दर चार महिन्यांनी आमच्या नातेवाईकांत फोनाफोनी सुरू होते. पीएम किसानचे दोन हजार कुणाचे आले, कुणाचे अडकले, कुणाची केवायसी राहिली... फोन करणारे बरेचसे पुण्यात नाहीतर लातुरात. शेत मात्र इथे, अंबाजोगाई तालुक्यात. मंडळी, रागावू नका, पण आज तुमच्यावरच लिहितोय.

नियमात बसतं म्हणाल, तर बसतं. २०१९ साली आलेली ही योजना वर्षाला सहा हजार देते. राज्याच्या 'नमो शेतकरी'ने २०२३ पासून त्यात आणखी सहा हजारांची भर घातली. आयकर भरणारे, सरकारी नोकरदार वगळलेत, हेही ठीक. पण तुम्ही शेत कसता का, हे नियम विचारतच नाही. तो विचारतो, सातबारा कुणाच्या नावावर? म्हणजे शहरात छोटंसं दुकान चालवणारा खातेदार 'शेतकरी', आणि त्याचं रान बटईनं किंवा ठोक्यानं करणारा घाटनांदूरकडचा माणूस कुणीच नाही! योजना आणताना तारीख धरली १ फेब्रुवारी २०१९. त्यानंतर वारसाहक्कानं जमीन आली तर चालतं. घाम गाळून एकरभर विकत घेतली तर नाही. वा रे न्याय!

बारा हजारांचं काय एवढं, असं कुणी म्हणेल. बरं, ते सोडा. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीचं बघा. मराठवाड्यात उभं सोयाबीन पाण्यात गेलं. बटईत बी-खताचा निम्मा खर्च बटईदाराचा आणि राबणं सगळं त्याचं. मालकाचं एक पीक बुडतं, बटईदाराचं अख्खं वर्ष. भरपाई मात्र खातेदाराच्या खात्यात! त्यातलं बटईदाराला किती द्यायचं, हे मालकाच्या मनावर. दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्यांत असे किती असतात, ते आपल्या जिल्ह्याला सांगायला नको.

पीकविम्यात बटईदाराला जागा आहे म्हणे. आहे ना, नोंदणीकृत भाडेकरार आणला तर! तो करून देतो कोण?

मालकाची भीती मी समजू शकतो. निजामाचं राज्य गेल्यावर १९५० साली हैदराबादचा कुळकायदा आला. तेव्हापासून 'नाव लागलं की जमीन गेली' हे घराघरात मुरलंय. म्हणून बटई तोंडी. पण या भीतीची किंमत तिसराच मोजतोय. नीती आयोगाने २०१६ मध्ये भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा मांडला. मालकी मालकाची सुरक्षित, आणि कसणाऱ्याला कर्ज, विमा, मदत मिळण्यापुरती ओळख. ओडिशाने आपल्या 'कालिया' योजनेत बटईदारांना, भूमिहीनांना घेतलं. एकेकाळी आपल्याच संस्थानात असलेल्या तेलंगणाने २०१८ मध्ये 'रयतु बंधू' काढली, तिथे मात्र पुन्हा मालकच.

खरा कसणारा ओळखायचा कसा, हा ठेवणीतला प्रश्न. २०२१ पासून ई-पीक पाहणी आहे. मोबाइल घेऊन रानात जायचं, उभ्या पिकाचा फोटो काढायचा. मग त्यातच कसणाऱ्याचं नाव का नोंदवू नये? बोगसगिरी होईल म्हणता? एक रुपयातल्या विम्यात बोगस अर्जांमुळे बीडचं नाव राज्यभर गाजलं, तेव्हा कुठे कसणाऱ्याचं नाव विचारत होते!

असो. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या हातात काहीच नाही, असं नाही. मार्गशीर्षात योगेश्वरीच्या दर्शनाला याल तेव्हा शेतावर चक्कर होतेच. यंदा त्याच फेरीत विम्यापुरता का होईना, भाडेकरार नोंदवून द्या. आणि नुकसानभरपाई जमा झाली, तर त्यातला पेरणाऱ्याचा वाटा त्याच्या हातात ठेवा. तो उपकार नव्हे. तो वाटा तुमचा नव्हताच.