गोपनीय अहवालाची सत्ता

सरकारी नोकरी म्हणजे निर्धास्तपणा, हा मराठवाड्यातील जुना समज आहे आणि तो अगदीच निराधार नाही. औरंगाबादेत 1950 साली मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दलित तरुणांना कारखानदारी नसलेल्या या प्रदेशात मुख्यतः सरकारी कचेरीचा व शाळेचाच आधार होता. परंतु कचेरीत शिरलेला हा कर्मचारी वरिष्ठाविरुद्ध तक्रार करतो, तेव्हा त्याचे काय होते?

याचे उत्तर कऱ्हाडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका प्रकरणात मिळते. तेथील दलित भांडारपालाच्या गोपनीय अहवालात त्याची सचोटी व चारित्र्य चांगले नसल्याचा शेरा दोन वरिष्ठांनी मारला. हा शेरा जातीय आकसाचा आहे, असे म्हणून त्याने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी 2006 मध्ये गुन्हा नोंदविला. खटल्यास मंजुरी मागण्यासाठी पोलिसांनी डिसेंबर 2010 उजाडू दिला. मंजुरी मागितली ती त्याच खात्याच्या संचालकांकडे, आणि महिन्याभरात ती नाकारली गेली. हे अधिकारी प्रथम वर्गाचे, सबब मंजुरीचा अधिकार केवळ राज्य शासनाचा, असे तक्रारदाराचे म्हणणे होते. म्हणून 2016 मध्ये त्याने संचालकांविरुद्धही गुन्हा नोंदविला.

तो शेरा खरा की खोटा, हे ठरविण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. परंतु दहा वर्षांत त्याचा निवाडा कोणत्याही त्रयस्थाने केला नाही, हे नजरेआड करता येणार नाही.

पुढचा इतिहास वाचकांस ठाऊक आहे. 20 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने संचालकांविरुद्धची कारवाई रद्द केली आणि त्याच निकालात, लोकसेवकाला अटक करण्यापूर्वी त्याच्या नियुक्ती-प्राधिकाऱ्याची संमती घ्यावी, असा निर्देश दिला. 2 एप्रिलला देश बंद झाला, माणसे मेली, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. लढा जिंकला, हे खरेच. पण सारी चर्चा अटकेभोवती फिरली. ज्या कागदापासून हे सुरू झाले तो गोपनीय अहवाल जागच्या जागी राहिला.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर हा अहवाल म्हणजे श्रमाच्या किमतीवरचा मालकाचा एकतर्फी ताबा होय. पदोन्नती त्यावर अवलंबून आणि पदोन्नतीवर पुढे निवृत्तिवेतन. प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणी सांगितले. पण त्यावरचे निवेदन जाते त्याच खात्याकडे! प्रस्तुत लेखकाने अध्यापनाच्या काळात असे एक निवेदन लिहून दिले होते. ते ज्यांच्याविरुद्ध होते त्यांच्याच टेबलावर सहा महिने पडून राहिले.

खाजगी कारखान्यातील कामगाराला सूडबुद्धीने काढणे ही अनुचित प्रथा होय, असे महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यातच म्हटले. सरकारी कारकुनाला मात्र त्याचा उपयोग नाही. कारण कचेरी हा 'उद्योग' नव्हे. त्याच्यासाठी प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, त्याचे खंडपीठ आमच्या शहरातही आहे. पण खात्यांतर्गत उपाय संपल्याखेरीज ते सामान्यतः अर्ज दाखल करून घेत नाही. 2005 च्या बदली कायद्याने मुदतपूर्व बदलीला कारणे नोंदविण्याचे बंधन घातले. कारण लिहिणारा हात मात्र तोच! 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 120 दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी गृहीत धरण्याची सोय आहे. ती विलंबावर लागू पडेल. कऱ्हाडला तर नकार महिन्याभरातच आला होता.

तेव्हा मागणी अशी हवी की तक्रार प्रलंबित असेतो त्या वरिष्ठाने तक्रारदाराचा अहवाल लिहू नये, त्याच्या बदलीत हात घालू नये आणि खटल्याची मंजुरी खात्याबाहेरील प्राधिकाऱ्याने द्यावी. मार्च 2023 मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील लाखो कर्मचारी संपावर गेले, ते योग्यच होते. त्या संघटनांत आपले अनेक साथी पदाधिकारी आहेत. एकट्या भांडारपालाच्या शेऱ्यासाठी त्यांनी कधी सभा बोलाविली आहे काय?