इटलीच्या रणांगणांतील मराठी शिपाई

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित घरांतील मुलें नॉर्मंडी, स्टालिनग्राड, हिरोशिमा हीं नांवें तत्काळ सांगतात. इंग्रजी पुस्तकांनीं व चित्रपटांनीं अमेरिकन शिपायाची छावणी, त्याचीं पत्रें, त्याचें घर हें सारें आपल्या ओळखीचें करून सोडलें आहे. परंतु त्याच युरोपांत देशावरचे व कोंकणांतले मराठे गडी लढले, त्यांपैकीं एकाचें तरी नांव घरांत कोणास सांगतां येईल काय, असा प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

इ. स. १९४३ ते १९४५ या काळांत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या व दहाव्या डिव्हिजनी इटलींत लढल्या. त्यांतील ५,७०० हून अधिक जवान परत आले नाहींत. त्या सैन्यांत मराठा पलटणीही होत्या. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील सारे सोबती मशीनगनच्या माऱ्यानें मेले वा घायाळ झाले. तेव्हां माणगांवकडचा हा बावीस वर्षांचा तरुण एकटाच पुढें धांवला. त्यांनीं हातबाँब फेकून ती मशीनगन बंद पाडली आणि पुन्हां गोळ्या भरण्यास अवकाश नाहीं असें पाहून शेवटच्या दोघां शत्रूंस हातांतील बंदुकीच्या तडाख्यांनींच लोळविलें. लगेच दडलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं तेही तेथेंच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. थडगें मात्र कोठेंच नाहीं, कॅसिनोच्या स्मारकावर केवळ नांव आहे.

९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यांतील शिपाई नामदेव जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून व सुरुंगांच्या पट्ट्यांतून पाठीमागें पोंचविलें आणि मग शत्रूचीं तीन मशीनगनचीं ठाणीं मोडून काढलीं. त्यांसही तोच सन्मान मिळाला. ते १९८४ सालीं पुण्यांतच निवर्तले.

हें विस्मरण कां घडलें? तें युद्ध इंग्रजांचें, आणि देशाचें चित्त दुसरीकडे होतें. २२ फेब्रुवारी १९४४ रोजीं येथल्या आगाखान राजवाड्यांत बंदिवासांतच कस्तुरबांनीं देह ठेवला. त्याच आठवड्यांत चौथी डिव्हिजन कॅसिनोच्या डोंगरावर झुंजत होती. पुणेकरांनीं कोणासाठीं अश्रु ढाळले हें सांगणें नलगे, आणि तें योग्यच होतें. दुसरें कारण असें कीं, हे शिपाई शेतकऱ्यांचीं मुलें. त्यांनीं आत्मचरित्रें लिहिलीं नाहींत. त्यांचीं पत्रें सेन्सॉरचे अधिकारी वाचीत, आणि त्यांतील उतारे आज लंडनच्या दप्तरांत सांपडतात. येथें घरोघरीं काय उरलें, याची विचारपूस मात्र कोणी केली नाहीं.

परकी सत्तेचा निषेध आणि तिच्या झेंड्याखालीं पडलेल्या आपल्या माणसाविषयीं कृतज्ञता यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. इटलींतील मोंतोने गांवानें २०२३ सालीं घाडगे यांच्या स्मरणार्थ छायाघटिका उभारली. आपणांस एवढें तरी करतां येईल: मूळ गांवीं जाणें झालें म्हणजे तेथें पलटणींत गेलेल्यांचीं घरें कोणतीं तें विचारावें, त्यांच्या वारसांजवळ बसावें, आणि नांव, पलटण, सन व सांगितलेली हकीकत घरच्या वहींत उतरून घ्यावी. सांगणारे आतां थोडेच उरले आहेत.