परिचारिकेस अधिकार हवा

माटुंग्याच्या एका अंगास शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, दुसऱ्या अंगास परळचे के. ई. एम. येथला नागरिक तेथे बरा होण्यासाठी जातो, नवा रोग आणण्यासाठी नव्हे. न धुतलेल्या हातांनी रुग्णालयातच रोग पसरतो, हे व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखविले होते. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात किमान २६ परिचारिका व ३ डॉक्टर कोविडग्रस्त झाले. आपल्या टाळ्यांनी त्यांचे रक्षण झाले नाही! संसर्गप्रतिबंधाच्या वर्गाचे उद्घाटन करून वरिष्ठ डॉक्टरांनी निघून जावयाचे आणि बाकांवर परिचारिकांनी बसावयाचे, हा रिवाज मोडलाच पाहिजे. हात न धुता पुढच्या खाटेकडे वळणाऱ्या डॉक्टरास थांबविण्याचा लेखी अधिकार परिचारिकेस मिळावा, अशी आमची मागणी आहे.