माजघरातील भय

स्त्रीपुरुषसंबंधांच्या काळोख्या बाजूवर बेतलेल्या तीन-चार स्वतंत्र भयकथा एकाच चित्रपटात गुंफण्याचा प्रघात आपल्याकडेही आता रुळला आहे, आणि त्याला नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. माझी फिर्याद निराळी आहे. यांतील बहुतेक कथांत अन्याय सोसून मेलेली बाई मोकळ्या केसांनी परत येते, सूड घेते आणि प्रेक्षक तिलाच भितो. ज्याने तिला मारले त्या पुरुषाची कैफियत मात्र कोणी मागत नाही.

हे असेच व्हावे असा काही दंडक नाही. मासाकी कोबायाशी या जपानी दिग्दर्शकाच्या ‘क्वायदान’ (१९६४) या चार कथांच्या चित्रपटातील पहिल्या कथेत दारिद्र्याला विटलेला एक सामुराई, विणकाम करून संसार रेटणाऱ्या पत्नीला टाकून मोठ्या घराण्यात दुसरा विवाह करतो, आणि वर्षांमागून वर्षे गेल्यावर पश्चात्तापदग्ध होऊन परततो, तेव्हा ती पूर्वीसारखीच कामात मग्न, त्याला एका शब्दानेही बोल न लावणारी, अशी भेटते. उजाडते तेव्हा शेजारी उरलेले असते ते केवळ प्रेत आणि काळेभोर केस. पुढे त्या केसांनी त्याचा केलेला पाठलाग भयंकर आहेच. परंतु आदल्या रात्रीचे तिचे शांत स्वागत मला त्याहून भयंकर वाटते, कारण त्या शांततेपुढे त्याचा अपराध उघडा पडतो.

कोल्हापूरला हा विषय परका नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यातील कीचकवधाने प्रेक्षक हादरले आणि सेन्सॉरने त्यावर कात्री चालविल्याची नोंद आहे. वास्तविक महाभारतातील त्या कथेचे खरे भय वधात नाहीच. राणीच्या भावाने भर सभेत सैरंध्रीला लाथ मारावी आणि राजासकट सर्वांनी मुकाट बसावे, यात आहे.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) एकाच कथेचा असला तरी हे मर्म ओळखणारा आहे. गर्भवती नेहा पतीसह उसाच्या फडातील एकाकी घरात आसऱ्याला येते, आणि हळूहळू ध्यानात येते की तेथील संकटाचे मूळ मुलगी नको म्हणणाऱ्या घरात आहे. गडमुडशिंगीसारख्या करवीर तालुक्यातील गावात, जेथे ऊस घराच्या परसापर्यंत आलेला असतो, तेथल्या प्रेक्षकाला हा फड कल्पित वाटणार नाही. २००१ च्या खानेसुमारीत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या अवघ्या ८३९. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा तर १९९४ सालीच झाला होता! ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत त्यांची दखल घेणारी याहून भेदक भयकथा कोणता लेखक रचणार?

कथांची तर आपल्याकडे वाण नाहीच. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी गूढकथेची मोठी दौलत मागे ठेविली आहे, आणि मतकरींच्या कथांवरील ‘गहिरे पाणी’ ही मालिका मराठी घरांनी आवडीने पाहिली. म्हणून कोल्हापूरच्या तरुण दिग्दर्शकांना माझी आग्रहाची विनंती आहे: मोरेवाडीची चित्रनगरी जवळ आहे, ऊस दाराशी आहे, चार कथांचा चित्रपट अवश्य करा, पण त्यांतील एका तरी कथेत मेलेल्या बाईला परत आणू नका, आणि तिला मारून सकाळी निवांतपणे चहा पिणाऱ्या माणसावर कॅमेरा रोखून धरा.